जालन्यात ‘रिंग’ मागून बघा!

जालन्यात लोखंडाचं काहीही मिळतं. सळई, अँगल, चॅनल, ट्रॅक्टरची ट्रॉली, विहिरीवरचा रहाट, गच्चीवरचा जिना... काहीही. फक्त एकदा स्टीलच्या दुकानात जाऊन ‘रिंग पाहिजे’ म्हणून बघा.

पहिल्या दुकानात प्रश्न आला, “किती बाय किती?” पिलरच्या सळयांना जे चौकोनी वेढे घालतात, त्यांना बांधकामवाले रिंगा म्हणतात. दुसऱ्या दुकानात विचारलं, “पिस्टन का?” तिसऱ्या ठिकाणी एक पोरगा मला थेट मागच्या गोडाऊनच्या दिशेने घेऊन निघाला, कारण रिंग म्हणजे विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा! “अहो नाही हो, बास्केटबॉलची,” असं म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे बॉल बगलेत मारून उभ्या असलेल्या भाचीकडे. “ती खेळायची? ती तर बाई औरंगाबादला मिळंल.” छत्रपती संभाजीनगरचं जुनं नाव अजून त्यांच्या जिभेवरून गेलेलं नाही.

सव्वीस जानेवारीला जोडून मस्त लाँग वीकेंड आला होता. ऑफिसची गँग अलिबागला निघाली होती. आणि मी? शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडून, बॅगेत बास्केटबॉलच्या दोन जाळ्या, एक मेजर टेप आणि मूठभर नायलॉक नट घेऊन जालन्याला. टीममधल्या एकाने विचारलंसुद्धा, “जालन्यात बघण्यासारखं काय आहे?” बॉस, ऐक आता.

पुण्याहून साधारण तीनशे किलोमीटर, संभाजीनगरच्या पूर्वेला साठेक. एका कुशीवर झोपलात तर कधी आलं ते कळत नाही. पण पहाटे जाग आली तर एमआयडीसीतले दिवे आणि रोलिंग मिलचे शेड दिसतात. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट पाडायचे, आणि बिलेट लाटून सळई काढायची, हा इथला मोठा धंदा. तुमच्या हिंजवडीच्या किंवा खराडीच्या टॉवरच्या पोटात जालन्याची सळई असण्याची शक्यता चांगलीच आहे. दुसरा धंदा बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. तिसरी मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला. मध्ये कुंडलिका नदी, अलीकडे जुना जालना, पलीकडे नवा. जुनी माणसं गावाला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणतात. आम्ही मात्र लोखंडात वाढलो.

आमच्या अंगणातली रिंग बाबांनी २००४ मध्ये उभी केली. घरचा नियम साधा होता, ग्राउंडवर संध्याकाळी सहानंतर पोरींनी थांबायचं नाही. भांडून झालं, रडून झालं. बाबांनी नियम काही बदलला नाही, पण पंधरा दिवसांत अंगणात खांब रोवला. खांब म्हणजे काय, तर बोअर कोरडी गेली होती, तिच्या केसिंगचा उरलेला साडेसहा इंची तुकडा. मराठवाड्यात असे तुकडे घरोघरी पडलेले असतात. बोर्ड प्लायचा. रिंग एका वेल्डरने उरलेली सळई वाकवून करून दिली. त्या रिंगवर मी रात्री अकरापर्यंत शॉट मारले आहेत. शेजारच्या काकूंना विचारा, अजून नाव काढतात.

आता तिथे माझी भाची खेळते. आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये आहे. नियम थोडा सैल झालाय, सहाचे साडेसहा झालेत, इतकंच. म्हणजे तिला खरी प्रॅक्टिस मिळते ती अंगणातच. आणि तिची एक भानगड होती. घरी दहातले सात शॉट आत. शाळेच्या कोर्टवर, मॅचमध्ये, सगळे आखूड! बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत. “आत्या, मला मॅचमध्ये टेन्शन येतं,” ती फोनवर म्हणाली. शाळेतल्या सरांचंही तेच मत, पोरगी मनाने कच्ची आहे. दादाचा त्यावर सरळ हिशेब. रिंग गंजली आहे, बोर्ड डुगडुगतोय, एक दिवस कुणाच्या डोक्यात पडेल. काढून टाकू, तिथे गाडीसाठी पोर्च करू. जालन्यात भंगाराचा आजचा भाव रिक्षावाल्यालाही माहीत असतो, त्यामुळे आमची रिंग, खांब वगैरे किती किलो भरेल याचा अंदाज घरात आधीच निघाला होता.

तर शनिवारी सकाळी वहिनीच्या हातचे धपाटे आणि दही हाणून मी शिडी लावली. रिपेअरिंगचं पहिलं काम पाना फिरवायचं नाही. पहिलं काम मोजायचं. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे बरोब्बर दहा फूट पाहिजे. हा आकडा कुठल्या शास्त्रज्ञाने काढलेला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तराने थंडीत पोरांना आत खेळवण्यासाठी पीचच्या टोपल्या जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर! टोपलीला बूड होतं. बॉल आत गेला की कुणीतरी वर चढून काढायचा.

आमचा आकडा काय निघाला? बोर्डाजवळ २.९५. पुढच्या टोकाला २.९२.

मी दोनदा मोजलं. मग टेप भाचीच्या हातात दिली, तिने मोजलं. मग आम्ही दोघींनी खाली बघितलं. पेव्हर ब्लॉक! काही वर्षांपूर्वी दादाने अंगणात चिखल होतो म्हणून पेव्हर बसवले. खाली वाळूचा थर, वर ब्लॉक, मिळून दहा सेंटीमीटर जमीन वर आली. रिंग जागेवरच राहिली. त्यात कॉलनीतली पोरं लोंबकळून लोंबकळून रिंगचं पुढचं टोक आणखी तीन सेंटीमीटर खाली आलेलं. म्हणजे ही पोरगी इतकी वर्षं सरासरी बारा सेंटीमीटर बुटक्या रिंगवर हात बसवत होती.

बारा सेंटीमीटर म्हणजे किती, असं वाटेल. हिशेब सोपा आहे. बॉल पंचेचाळीस अंशांनी खाली उतरत असेल, तर तो जितका खाली येतो तितकाच पुढे जातो. घरच्या बुटक्या रिंगच्या मधोमध पडणारा बॉल, खऱ्या रिंगच्या उंचीवर बारा सेंटीमीटर अलीकडेच येतो. रिंगचा आतला व्यास पंचेचाळीस, बॉलचा तेवीसच्या आसपास. दोन्ही बाजूंना जेमतेम अकरा सेंटीमीटर जागा उरते. बारा आखूड म्हणजे पुढच्या कडेवर टण्ण! टेन्शनचा यात काही संबंध नव्हता.

“म्हणजे मी नव्हते चुकत?” भाचीने विचारलं. दादा पेव्हरकडे बघत होता. त्या दिवशी पोर्चचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता बाकीची तपासणी. खांबाला खालपासून वरपर्यंत हातोडीने हलकं वाजवत गेलो. लोखंड जमिनीलगत सडतं, कारण ओल तिथे थांबते. तिथला आवाज बद्द आला तर खांब बदलायचा. आमच्या केसिंगचा आवाज देवळातल्या घंटेसारखा. बोअरसाठी बनलेला पाइप, त्याला काय होतंय! ओळंबा सोडला तर खांब कोर्टाच्या बाजूला दीड सेंटीमीटर कललेला. ही काळ्या मातीची कृपा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जे रोवाल त्याला दरवर्षी जरा ढकलते. नवा खांब रोवणार असाल तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणा, मगच काँक्रीट ओता.

खरी गंमत बोर्डाच्या बोल्टांत होती. बारा-तेरा किलोचा प्लायचा बोर्ड चार बोल्टांवर. पहिल्याला पाना लावला, फिरवला, आणि डोकंच हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. म्हणजे बोर्ड दोन बोल्टांच्या भरवशावर पोरीच्या डोक्यावर उभा होता. दादाचं ते एक म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मी ते त्याला सांगितलंसुद्धा. प्लायच्या कडा फुगून पुस्तकाच्या पानांसारख्या सुटलेल्या. म्हणजे बोर्ड नवा, बोल्ट नवे, रिंग नवी. खांब तेवढा जुना.

आता परत त्या ‘रिंग मिळेल का’च्या फेरीवर. खरं सांगू, ऑनलाइन मिळते. आपल्याकडचं खेळाचं बरंचसं सामान मेरठ-जालंधरहून येतं, रिंगही येते, आणि चांगली असते. मागवताना मागच्या प्लेटच्या भोकांमधलं अंतर तेवढं जुन्याशी जुळवून घ्या. पण ती वीकेंडच्या आत येणार नव्हती. आणि लोखंडाच्या गावात बसून लोखंड कुरिअरने मागवायचं, हे मला पटेना. शेवटी त्या चष्मेवाल्या काकांनीच एका फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता दिला. मंठा चौफुलीकडे, शेडमध्ये, दारात अर्धवट झालेली ट्रॉली.

त्या भाऊंनी आमची जुनी रिंग हातात घेतली, अंगठा फिरवला आणि हसले. “ताई, ही तर टीएमटी हाय. हिच्यावर जाळी टिकंल का कधी? ह्या रेघा बघा.”

वीस वर्षांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं! माझ्या लहानपणी दर उन्हाळ्यात जाळी फाटायची, आणि बोलणी मला बसायची. सळईवरच्या त्या आडव्या रेघा काँक्रीटने घट्ट धरावं म्हणून असतात. मिलमधून लालबुंद सळई बाहेर आली की तिच्यावर पाण्याचा मारा करतात. त्याने वरचा थर कडक होतो, आतला गाभा मऊ राहतो. भूकंपात बिल्डिंग तरेल अशी सळई ती. पण नायलॉनच्या दोरीसाठी ती म्हणजे कानस. बॉल जाळीतून गेला की दोरी रेघांवर घासणार, दर शॉटला थोडी झिजणार. जालन्याने आपल्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते लावलं, फक्त चुकीच्या जागी.

रिंगला लागतो गुळगुळीत गोल बार, साधं माइल्ड स्टील. आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो जाडी १६ ते २० मिलिमीटर, आतला व्यास ४५० ते ४५९. आम्ही १८ चा घेतला. सिव्हिलवाल्यांना पाठ असलेलं गणित आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरचं वजन किलोत येतं. १८ चा वर्ग ३२४, म्हणजे मीटरला बरोबर दोन किलो. रिंगला लागतो सुमारे दीड मीटर. म्हणजे अख्ख्या बास्केटबॉलचा प्राण तीन किलोंत!

मला वाटलं आता मशीनवर वाकवतील. भाऊंनी कोपऱ्यातून लोखंडी साचा काढला. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, वर पाणी ओतलं की आवळून गच्च. गाड्या गेल्या, साचा राहिला. बार थोडा तापवत, साच्याभोवती घेत, ठोकत, अर्ध्या तासात गोल तयार. भाचीने आत टेप धरली. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस. माझ्या अंगावर काटा आला, आणि हो, ऑफिसात कुठलाही प्रोजेक्ट लाइव्ह झाल्यावर आलेला नाही.

मग खालून बारा हूक, जाळीच्या बारा गाठींसाठी. दर हुकामध्ये सव्वाबारा सेंटीमीटर. हूक शेपटीसारखा वळवायचा आणि फट इतकी बारीक ठेवायची की बोट अडकू नये. आठ मिलिमीटरच्या आत. अंगठी घालून खेळणाऱ्यांनी तर हे वाक्य दोनदा वाचा. मागे सहा एमएमची प्लेट आणि खालून दोन तिरके आधार. जुन्या रिंगला आधार एकच होता, तोही वेल्डमध्ये तडकलेला, म्हणून ती वाकली.

वेल्डिंग गार होईपर्यंत शेजारच्या शेतीअवजारांच्या दुकानात डोकावलो. तिथे ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरच्या जाडजूड स्प्रिंगा टांगलेल्या. नांगरताना फाळाला दगड लागला की स्प्रिंग ताणते, फाळ मागे झुकतो, मोडत नाही, आणि पुन्हा जागेवर येतो. आता ऐका. सत्तरच्या दशकात अमेरिकेत डंक मारून खेळाडू रिंगला लटकायचे, रिंगा वाकायच्या, काचेचे बोर्ड फुटायचे. १९७९ मध्ये डॅरिल डॉकिन्सने तर अख्खा बोर्ड चकनाचूर केला. त्यावर इलाज शोधला कुणी? इलिनॉयमधल्या धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या आर्थर एहरॅट या माणसाने, जो स्वतः कधी बास्केटबॉल खेळला नव्हता! पुतण्या बास्केटबॉल कोच होता, त्याची तक्रार ऐकली आणि याने रिंगमागे चक्क जॉन डिअरच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग बसवली. लटकलात की रिंग झुकते, सोडलीत की वर येते. १९८२ मध्ये पेटंट मिळालं. आज एनबीएत असते ती याच कल्पनेची रिंग.

भाऊंना गोष्ट सांगितली तर ते स्प्रिंग घ्यायलाच निघाले. “काहून नाही बसणार? बसवून टाकू!” मी थांबवलं. घरच्या रिंगला स्प्रिंग लागतेच असं नाही. लटकणारा सहाफुटी पोरगा घरात असेल तर घ्या, नाहीतर दोन मजबूत आधार पुष्कळ. आणि स्प्रिंगचा ताण नीट नसला की बॉलचा उसळा बदलतो. आत्ताच एक फसवी रिंग काढली होती, दुसरी कशाला?

शनिवारी रात्री रेड ऑक्साइड, रविवारी सकाळी भगव्याच्या जवळचा ऑइलपेंट. जानेवारीच्या उन्हात दुपारपर्यंत वाळला. बोर्डासाठी १८ एमएमचा मरीन प्लाय. कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात आधी मारायचे. पाणी समोरून नाही, कडेतून शिरतं. बसवताना दादा शिडीवर, मी खाली ओळंबा धरून, भाची पाणसळ घेऊन. खांबाच्या आडव्या हातांना नवी भोकं जुन्यांपेक्षा दहा सेंटीमीटर वर पाडली. खांब पुढे कललेला, म्हणून बोर्डाच्या खालच्या दोन बोल्टांमागे वॉशर वाढवत गेलो. तिसऱ्या वॉशरला ओळंबा बोर्डाला समांतर आला. बोल्ट नवे, मागे मोठे वॉशर, वर नायलॉक नट. त्यात नायलॉनची कडी असते, बॉलच्या हादऱ्यांनी नट ढिला होत नाही. ही मूठभर वस्तू तेवढी कंजुषी न करता घ्या. शेवटी टेप. पुढे ३.०५, मागे ३.०५. बाबा खुर्ची टाकून सगळं बघत होते. म्हणाले, “तेव्हा पण दहा फूटच मोजली होती मी.”

संध्याकाळी आम्ही सगळे दादाच्या मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो. तुम्ही जालन्याला जाणार असाल तर हेच दिवस धरा. मुंबईहून वंदे भारत २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली, समृद्धी महामार्गही जालन्यावरून जातो. एक दिवस हाताशी ठेवा. अंबडची माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, राजूरचा गणपती. पण मला विचाराल तर एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडबाहेर तासभर चहा पीत बसा. गाव कसं चालतं ते तिथे दिसतं.

सोमवारी सकाळी झेंडावंदन करून भाची आली आणि तासभर खेळली. दहातले दोन. सगळे आखूड, अगदी शाळेतल्यासारखे. चिडली. मी तिला कोपर जरा वर ठेवायला सांगितलं आणि रात्रीची गाडी पकडली. तीन आठवड्यांनी फोन आला. घरी पाच, शाळेत पाच. पुढची मॅच परीक्षेनंतर आहे.

दुसरी जाळी कपाटात ठेवून आले आहे, नायलॉन उन्हाने कधी ना कधी जाणारच. दादाची गाडी सध्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी असते. उन्हाळ्यात वर लिंबोळ्या पडतील, असं तो वहिनीला रोज ऐकवतो म्हणे.